कान कुठे ठेवायचा

ठिपकीचं पत्र आलं त्या दिवशी मी ते दोनदा वाचलं, सोबतची चित्रं खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि सगळं पुन्हा घडी घालून शब्दकोशात ठेवून दिलं. शब्दकोशात अशासाठी, की तो चांगला जाडजूड आहे, त्यात ठेवलेलं काही बाहेर डोकावत नाही. उत्तर लिहायचं नव्हतं असं नाही. पण उद्या लिहू, जरा विचार करून लिहू, असं करता करता थंडी सरली, खिडकीसमोरच्या झाडाला पालवी फुटली, तरी पत्र तिथेच. ते 'प'च्या पानांत होतं. म्हणून मी 'प'पासून सुरू होणारे शब्द कोशात न पाहता अंदाजानंच लिहायला लागलो होतो.

पत्र मोठं नव्हतं. 'सर, सोबत चित्रं पाठवतेय. इथे सगळे खूश आहेत. मीही असायला हवं, पण काहीतरी टोचतंय आणि काय ते सापडत नाही. तुम्ही पूर्वी जाळी नुसती बघून सांगायचात. एकदा बघा. काही दिसलं नाही तर "काही नाही" एवढंच लिहा, मला पुरे. काकूंना नमस्कार.'

जाळी म्हणजे काय, हे आमच्या हिला मी लग्नानंतर एकदा समजावायला गेलो होतो. विमान उडतं तेव्हा त्याच्याभोवती हवा कशी वागते हे यंत्रावर गणित करून काढायचं असतं. पण हवा सलग असते आणि यंत्राला सलग काही कळत नाही. म्हणून विमानाभोवतालच्या मोकळ्या जागेची बारीक बारीक घरं पाडायची आणि प्रत्येक घरात हवेचा दाब किती, वेग किती, ते काढायचं. त्या सगळ्या घरांची मिळून जाळी.

"म्हणजे तुम्ही हवेला कुंपण घालता," ही म्हणाली.

"तसंच काहीसं."

"आणि हवा राहते आत?"

मी त्यानंतर समजावायचा नाद सोडला. पण तिचा प्रश्न काही वाईट नव्हता. घरं मोठी ठेवली की हवेतल्या बारीकसारीक गोष्टी त्यांतून निसटतात. लहान केली की यंत्र हिशेब करता करता म्हातारं होतं. त्यामुळे लहान घरं कुठे पाडायची आणि मोठी कुठे चालतील, यातच आमचं सगळं कसब. मी ते हातानं करायचो. आवाजाच्या पुढे धावणाऱ्या विमानाच्या नाकापासून, पंखांपासून, शेपटीपासून हवेत तिरक्या लाटा निघतात, पाण्यात होडीमागे निघतात तशा. त्या जमिनीवर पोचल्या की खाली उभ्या माणसाला धडाम असा आवाज येतो, काचा हादरतात. आमच्या धंद्यात त्याला बूम म्हणतात. लाटा कुठून कशा जाणार याचा अंदाज बांधून मी त्यांच्या वाटेवर लहान घरांच्या तिरक्या रांगा मांडत बसायचो. एका विमानाला महिने लागायचे. आमच्या खोलीत मी, दोन टेबलं आणि एक हीटर. हीटर माझ्यापेक्षा जास्त बोलायचा.

त्या खोलीत ठिपकी आली तेव्हा नुकतीच शिकून बाहेर पडली होती. मी मांडलेल्या जाळीकडे बघायची आणि बोट ठेवायची, "सर, इथे एक ठिपका अजून टाकू?" मी म्हणायचो, ठिपके फुकट येत नाहीत. ती म्हणायची, "एकच." दुपारी परत, "सर, एकच." म्हणून ठिपकी. नाव मी ठेवलं नाही, माझी हिंमत नव्हती. ठेवलं आमच्या हिनं, ती पहिल्यांदा घरी जेवायला आली तेव्हा. ठिपकीला ते इतकं आवडलं की पुढे ती स्वतःच फोनवर "ठिपकी बोलतेय" असं सांगायला लागली.

चारेक वर्षांनी एका सकाळी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "सर, कुठे ठिपका टाकायचा हे आपण कशाला ठरवायचं? यंत्रालाच ठरवू द्या ना."

"त्याला कसं कळणार?"

"आधी जाडीभरडी जाळी देऊ. ते एकदा गणित करील. मग त्यालाच विचारू, की बाबा, आम्हाला हवं असलेलं उत्तर कुठल्या घरांमुळे बिघडतंय? ती घरं तेवढी लहान कर. पुन्हा गणित. पुन्हा विचारू."

"आम्हाला हवं असलेलं उत्तर म्हणजे?"

"म्हणजे बूम कुठे ऐकायचा ते. विमानाच्या खाली काही अंतरावर आपण एक कान ठेवू. यंत्राला सांगू, या कानाला जे ऐकू येतं ते अचूक पाहिजे, बाकी जगाशी तुला देणंघेणं नाही."

मला ते लगेच पटलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की आता माझ्या खोलीचं काही खरं नाही. तसंच झालं. मी महिने घालायचो ते काम तिची पद्धत आठवड्यात करायला लागली, आणि माझ्यापेक्षा चांगलं. जिथे घर लहान करावं असं मला सात जन्मांत सुचलं नसतं तिथे यंत्र जाऊन लहान करायचं आणि शेवटी तेच बरोबर निघायचं. मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण त्याहून जास्त कौतुक वाटलं. मी निवृत्त झालो त्या दिवशी तिनं माझी हातानं मांडलेली एक जुनी जाळी चौकटीत घालून मला दिली. ती आमच्या जेवणघरात आहे. पाहुण्यांना ते भरतकाम वाटतं.

आता तिच्या चित्रांविषयी. नवं विमान हळू आवाजाचं व्हावं म्हणून तिच्या तुकडीनं काही वर्षं घातली होती. धडाम न होता शेजारच्या घराचं दार लागल्यासारखा आवाज यावा, एवढं त्यांचं स्वप्न. चाचणीसाठी विमान एका लहान गावावरून न्यायचं होतं. आधी ते बरोबर डोक्यावरून जाणार होतं. मग गावकऱ्यांना उगाच धास्ती नको म्हणून वाट गावाच्या बाजूला सरकवली. त्या तिरप्या दिशेला आवाज किती जाईल तेही काढलं, आणि तो आणखीच मऊ निघाला. एका चित्रात विमानाच्या सरळ खालची लाट होती, दुसऱ्यात बाजूची. लाटांच्या मागे फिक्या रेघांत जाळीही उमटवली होती.

बाजूची लाट पाहताना मला काहीतरी खटकलं. काय ते मी स्वतःला नीट सांगितलं नाही. पट्टी टेबलावरच होती, पण मी ती उचलली नाही. मोजलं असतं तर ते माझ्या गळ्यात पडलं असतं. मनात येत होतं ते असं: आपण कोण? आपलं काम या पद्धतीनं संपवलं, आणि आता आपण त्याच पद्धतीत खुसपट काढणार. तिला काय वाटेल? म्हाताऱ्याला अजून सलतंय, असंच वाटेल. शिवाय पूर्वी एकदा भरसभेत मी उठून शंका काढली होती आणि ती साफ चुकीची निघाली होती. कुणी हसलं नाही. सगळे फार चांगलं वागले. तेच अजून आठवतं.

"लिहिलंत का हो तिला?" ही मधून मधून विचारायची.

"लिहितोय."

"काय लिहिताय, महाकाव्य?"

आमची ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. "आयुष्यभर लोकांचं बोलणं जोडून दिलं," असं ती आल्यागेल्याला सांगते, "आणि नवरा मिळाला तो असा. लाइन चालू, पलीकडे कुणी नाही."

परवा दुपारी फोन वाजला. तो हिनंच घेतला, घरात फोन तीच घेते. मी आतल्या खोलीत होतो, पण हिचा आवाज ऐकायला आत-बाहेर असं काही लागत नाही.

"कोण, ठिपकी? अगं, किती दिवसांनी. आवाज का असा? ... जेवतेस का वेळेवर? ... हो का, पुढच्या आठवड्यात? ... अगोबाई, घरोघर जाऊन?"

मग बराच वेळ ही नुसतीच 'हं, हं' करत होती. मी पुस्तक मिटलं.

"नाही गं, रागावतील कशाला," ही म्हणाली. "तू तसं समजलीस होय? ... थांब, मी देते त्यांना."

मी दारात आलो तोवर तिनं रिसीव्हरवर हात ठेवला होता. "ऐका. ती पुढच्या आठवड्यात सही करतेय त्या विमानाच्या कागदांवर. गावात घरोघर जाऊन सांगून आलीय की आवाज होणार नाही. एक घड्याळजी आहे म्हणे, भिंतभर जुनी घड्याळं लावलेला. त्यानं विचारलं, बाई, माझी घड्याळं पडायची नाहीत ना? तर पोरीनं त्याला शब्द दिलाय."

"मग?"

"मग काय? ती म्हणते, सरांचं उत्तर आलं नाही, म्हणजे त्यांना काही दिसलं नसणार, तेव्हाच माझी काळजी मिटली. तुम्हाला दिसलं होतं का काही?"

मी हातातलं पुस्तक उगाचच उघडलं.

"अहो, दिसलं होतं का?"

आपण गप्प राहिलो म्हणजे काही बोललोच नाही, अशी माझी जन्मभर समजूत होती. पलीकडे ठिपकीनं माझ्या गप्प बसण्याचं उत्तर करून घेतलं होतं, आणि त्याच्या जोरावर एका घड्याळजीला शब्द देऊन आली होती.

मी रिसीव्हर घेतला.

"सर? कसे आहात?"

"बरा आहे. सही नको करूस."

"सही नको?"

"म्हणजे, इतक्यात नको," मी म्हणालो. "मी मोजलेलं नाही अजून. खात्री नाही. मोजतो आणि लिहितो."

"सर, काय दिसलं? आत्ता सांगा ना."

"मोजल्याशिवाय कसं सांगू? चुकीचं असेल तर?"

"सर, पण सगळ्यांना थांबवायला मी काय सांगू?"

"माझं नाव सांग," मी म्हणालो, आणि माझं मलाच नवल वाटलं. मग घाईघाईनं "म्हणजे नको, नाव नको सांगू" असंही म्हणालो.

ती हसली. रडवेली होऊन हसली असं मला वाटलं, पण फोनवर मला नीट कळत नाही. "पत्र लवकर टाका, सर. मागच्यासारखं नको. मी थांबते."

मी शब्दकोश काढला. 'प'ची पानं उघडली. जेवणघरातल्या टेबलावर चित्रं पसरली, पट्टी घेतली, भिंग घेतलं. हिनं काही न विचारता फळांचा वाडगा उचलून ओट्यावर ठेवला.

आधी सरळ खालची लाट. दाब एकदम चढतो ती जागा धरली आणि त्या चढाखाली जाळीची किती घरं येतात ते पाहिलं. तीन. घरं अगदी बारीक, कारण यंत्राला सांगितलेला कान तिथेच होता. त्यामुळे चढही उभा, कड्यासारखा, फक्त कडा बुटका. मग बाजूची लाट. इथे चढ सावकाश, टेकडीसारखा. म्हणूनच आवाज मऊ. त्याच्याखालची घरं मोजली. तीन.

मी पट्टी पुसली आणि पुन्हा मोजली. तीनच. फक्त इथली घरं भलीमोठी होती.

"सापडलं वाटतं," ही म्हणाली. मी उठून उभा राहिलो होतो, हे मला तिच्या बोलण्यावरून कळलं.

"हवेला आमची घरं ठाऊक नसतात," मी म्हणालो. "खरी लाट मऊ असती तर लहान घरं दिल्यावरही मऊ राहिली असती, चढायला तिनं पाहिजे तेवढी घरं घेतली असती. पण ही दोन्हीकडे बरोबर तीनच घेते. घर जेवढं मोठं तेवढा चढ लांब. म्हणजे हा मऊपणा हवेचा नसून जाळीचा असेल."

"मला कळेल असं सांगा."

मी जरा विचार केला. "तुमच्या एक्स्चेंजमध्ये लाइन खराब असली की माणसाचा आवाज कसा यायचा?"

"लांबून. मऊ. ओरडला तरी कुजबुजल्यासारखा."

"आणि तुम्ही काय समजायचात, माणूस हळू बोलतोय?"

"छे. लाइन बघायचो आधी." मग तिनं चित्राकडे पाहिलं. "पोरीनं लाइन नाही बघितली?"

"पोरीची चूक नाही गं. कान तिनं विमानाच्या खाली ठेवला होता. गाव आधी तिथेच होतं. मग गावाला त्रास नको म्हणून वाट सरकवली. गाव बाजूला गेलं, पण कान जुन्याच जागी राहिला. जाळी सगळीकडे पसरलेली होती, म्हणून बाजूचं उत्तरही तिच्यातूनच काढलं. यंत्राला कुणी सांगितलंच नाही की आता तिकडे माणसं राहतात."

"तुम्ही असता तर लक्षात आलं असतं?"

"माझ्या हातच्या जाळीत लहान घरंसुद्धा या मानानं मोठीच असायची," मी म्हणालो. "मला फरकच दिसला नसता."

मग मी लिहायला बसलो. संध्याकाळपर्यंत चार पानं झाली. हिला वाचायला दिली. तिनं चष्मा लावला, माझंच पेन घेतलं आणि रेघा मारायला सुरुवात केली.

"काय करतेस?"

"'मी आता जुना झालो आहे.' हे तिला ठाऊक आहे. 'कदाचित मी चुकतही असेन.' हे पहिल्या पानावर दोनदा आलंय. 'तुमच्या कामात ढवळाढवळ करण्याचा माझा अधिकार नाही.' तुमच्या म्हणजे कुणाच्या? तिला कधीपासून अहोजाहो करायला लागलात? हे 'क्षमस्व' बघा, हे इथलंही बघा. पोरीला कान कुठे ठेवायचा ते कळायचं सोडून तुम्हाला माफ करता करता रात्र होईल."

"एक तरी राहू दे."

"कुठलं ठेवायचं?"

मी पानं चाळली. "उशिराबद्दलचं."

"ते ठेवा," ही म्हणाली. "ते खरं आहे."

शेवटी एक पान उरलं. त्यात मी लिहिलं होतं की दोन्ही चित्रांत लाटेच्या चढाखाली तीन-तीनच घरं येतात, तू स्वतः पट्टी लावून पाहा. गाव बाजूला गेलंय, आता तिथे आणखी एक कान ठेव आणि जाळीला नव्यानं घरं पाडू दे. लाट तरीही मऊच राहिली, तर मी चुकलो आणि घड्याळजी सुटला. मग खुशाल सही कर, मला आनंदच होईल. लाट उभी झाली, तर विमान पुन्हा डोक्यावरून न्यायचं की आकार बदलायचा हे तुम्हीच ठरवा, त्यातलं मला कळत नाही. उत्तर आलं नाही याचा अर्थ काही दिसलं नाही असा यापुढे धरू नकोस. माझ्या बाबतीत तर मुळीच नाही. उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. आणि सगळ्यात खाली, हिला न दाखवता, एक ओळ: 'तो एकच ठिपका, माझ्याकडून.'

बाजूच्या चित्रावर, जिथे आता कान हवा होता, तिथे मी पेन्सिलीनं एक ठिपका दिला होता. मी नेहमी द्यायचो त्यापेक्षा जरा मोठाच झाला.

सकाळी आम्ही दोघं निघालो. टपालपेटी कोपऱ्यावरच आहे, एकट्याला जाता येतं. पण ही म्हणाली, तुम्हाला एकट्याला सोडलं तर पाकीट फिरायला जाऊन परत घरी यायचं. रस्ता नुकताच झाडलेला होता. पावाच्या दुकानाबाहेर दोन माणसं भिंतीला टेकून उभी होती. वरून एक साधं विमान गेलं, आपल्या नेहमीच्या संथ आवाजात, आणि आम्ही दोघांनीही मान वर केली.

पेटीपाशी मी थांबलो. पत्ता पुन्हा एकदा वाचला. तिकीट नीट चिकटलंय का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं. मनात परत सुरू झालं होतं: पट्टी तिरकी तर धरली नसेल? छापताना चित्र आखडलं असेल तर? तीन घरांसाठी अख्ख्या तुकडीचं काम अडवायचं का?

"अहो," ही म्हणाली.

"पाहतोय फक्त."

"लाइन चालू आहे. पलीकडे ती थांबलीय. बोला आता."

मी पाकीट फटीत सरकवलं, कडेला धरून ठेवलं, आणि सोडलं. आत ते दुसऱ्या कुणाच्या तरी पत्रांवर पडल्याचा हलका आवाज आला.